पायातले घट्ट मोजे

शिरूरच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेली बाई आवाज न चढवता दिराशी भांडत होती, म्हणून अनुपमाचा कान तिकडंच लागला.

"भावजी, ह्यांच्या पायातलं घट्ट मोजं कुणी काढलं?"

"मीच, वहिनी. दादाच्या पोटरीवर वळ उठलं व्हतं."

"मेंदूची गाठ काढल्यावर पायात रगात गोठतं, म्हणून डॉक्टरनी घातलं व्हतं. रोज चालवायलाबी सांगितलं व्हतं."

"एवढं मोठं ऑपरेशन झाल्यालं. मी दादाचा पाय भुईला लागू दिला न्हाई."

"आन् पायातली गुठळी छातीत गेली. आता पुण्याला नळ्या लावून पडल्यात."

"मायेनंच केलं, वहिनी."

"आपल्या कळपातलं आजारी मेंढरू बसलं की काय करता तुम्ही?"

"शेपटीला धरून उठवतो, चालवतो. बसू दिलं तर ते पुन्हा उठत न्हाई."

"म्हंजी ठावं व्हतं तुम्हाला."