हळदीचं फडकं

माझं माहेर झरीकडचं. बाप मेंढरं राखायचा, आमी त्याच्या मागं रानोमाळ, पानी बघितलं ते हिरीतलं. लगीन हून इकडं सोनपेठ तालुक्यात गंगेकाठी आले तर सासू म्हनली चल, जोडीनं बुडी मारायची हाय. गोदावरीला आमी गंगाच म्हंतो. नव्या जोडीनं मनगटाला मनगट बांधून गंगेत बुडी घ्यायची, बांधायचं हळदीचं फडकं नवरीच्या मायनं द्यायचं, बुडी झाली की गाठ सोडून फडकं गंगेला सोडून द्यायचं, असा इकडचा रिवाज. काय सांगू तुमाला ताई, मी भ्याले, लय भ्याले, मालकाचा हात असा धरला का त्यायच्या हातात माझी नखं रुतली, अन् सासू काठावर उभी राहून हासायली, अगं गुडघ्याएवढं तर पानी हाय म्हनायली.

तवापासून मला पान्याचं भ्याव. बालाजी माझा एकुलता एक, त्याला मी गंगेकडं फिरकू दिलं न्हाई. मालक गेले, मग पोरगं परभणीला मोबाइलच्या दुकानात कामाला लागलं, अन् पिंगळीकडची शीतल केली त्याला. लय बोलकी पोरगी वो. आत्याबाई, तुमी लय भित्र्या, असं तोंडावर म्हनायची मला, अन् मग मागून येऊन गळ्यात पडायची. असं कोन करतं आजकाल सासूला.

लगीन झालं भर उन्हाळ्यात. गंगा आटलेली, नुसती वाळू, मधी एखादं डबकं, त्यात म्हशी बसलेल्या. बुडी मारावी कुठं? दोघं कोकनात फिरायला निघाले तवा इहीनबाईनं, म्हंजे शीतलच्या मायनं, फडकं लेकीच्या पिशवीत घातलं, म्हनली सगळ्या गंगा समुद्रालाच जातेत, तिथंच मारा बुडी. मी बाजूलाच उभी. मी बी म्हनलं हो बाई, तिथंच मारा.

आमाला वाटलं काठावर मारतील. आमाला काय ठाव, तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी देऊन मानसाला खाली तळाला नेतेत, मासे दाखवायला. एकेकाच्या संगं एकेक पव्हनारा मानूस असतो. ह्या दोघायनं बाहीच्या आत गाठ मारली अन् त्या मानसायला सांगितलंच न्हाई, हासतील म्हनून. खाली गेल्यावर शीतल घाबरली, तोंडातली नळी निसटली, तिचा मानूस तिला वर न्यायलाय तर इकडं बालाजी गाठीला, त्याला त्याच्या मानसानं धरलेलं, ओढाओढी झाली, फडकं वलं झालेलं, गाठ सुटता सुटंना. वर आनली तवर पोरगी गेली. गेली माझी शीतल.

पोलिसायनं ती गाठ बघितली अन् बालाजीला धरलं, तूच बांधून बुडवली म्हनून. शीतलचे दोघं भाऊ बी म्हनले ह्याला आधी दुसरी पोरगी आवडत व्हती, ह्यानंच मारली. आता तिकडं खुनाचा खटला चालू हाय अन् पोरगं तुरुंगात. त्यानं हात जोडून सांगितलं साहेब, आमच्याकडं रिवाज हाय. तिकडचा सरकारी वकील म्हनला असला रिवाज आमी कधी ऐकला न्हाई. भाऊ म्हनले आमी बी न्हाई.

अन् आमचं गाव? ज्या बायायनं गाठी मारून बुड्या मारल्या त्या समद्या मुक्या झाल्या. शेजारीन म्हनली माझ्या मालकानं सांगितलंय, कोर्टाच्या भानगडीत पडायचं न्हाई. पारावर मानसं बसतेत अन् फाशी व्हते का जन्मठेप व्हते यावर बोलतेत, वर चहा पितेत. सोनपेठच्या बाजारात गेले तर बाया पदर तोंडाला लावून म्हनायल्या, ही बघ, ही त्याची माय. भाजी न घेताच मी यष्टीत बसले. फोन वाजला का आधी देवाला हात जोडते. वाटतं, तिकडं पोरानं जिवाचं काई बरंवाईट तर करून घेतलं न्हाई?

आमचा वकील म्हनला, तुमी पोराची माय, तुमचं कोन खरं धरंल, पोरीच्या मायनं गवाही दिली, फडकं मीच दिलं म्हनून, तर पोरगं सुटंल. पन मी कोन्या तोंडानं जाऊ तिच्याकडं? तिची लेक गेली. वर तिच्या पोरायनं तिला दम दिलेला, तोंड उघडलंस तर तुला बी शीतलकडं धाडतो. मी गेलेच न्हाई.

परवा दुपारी दार वाजलं. वाटलं शीतलचे भाऊ आले. फटीतून बघितलं तर इहीनबाई! एकटी, हातात पिशवी, पायात चप्पल न्हाई. आत घेतली, पानी दिलं, तिनं शिवलं बी न्हाई. म्हनली, इहीनबाई, मी कोर्टात सांगनार हाय. तुमच्या पोरानं न्हाई बांधली तिला, मी बांधली. अन् अशी रडायला लागली का मी माझा पदर तिच्या तोंडावर दाबला, शेजारी ऐकतील म्हनून. रडायचं बी भ्याव बघा आमाला.

देव पावला म्हनायला पायजे व्हतं मी. पन तोंडातून निघालं, नका जाऊ वो, पोरं जित्ती ठिवनार न्हाईत तुमाला. तिनं डोळे पुसले. मारू द्या म्हनली, फकस्त तारखेपस्तोर मला तुमच्याकडं ठिवून घ्या.

तवापासून ती आतल्या खोलीत हाय. चूल मी पेटवते, भाकर ती थापते. दारावरून फटफटी गेली का दोघी एकमेकीचा हात धरतो, नखं रुतूस्तोर. ती सोडत न्हाई, मी बी न्हाई.

हे छापायचं तर तारीख झाल्यावर छापा, ताई. तुमच्या लेकरायला देव सुखाचं ठिवो, पान्यापासून लांब ठिवो. अन् जाताना मागच्या दारानं जा. कोनी इचारलं तर म्हना, बाई एकलीच व्हती घरात.