जावयाचा धोंडा

(अकोला. दवाखान्यातला बाक. जून नुकताच लागला आहे, भर दुपार.)

प्रणाली : कार्ड बंद म्हणजे काय, बाबा? काउंटरवरची पोरगी म्हणते, कालच संपलं.

किसनराव : मंग बरोबरच सांगून राहिली ते. काल मी रिटायर झालो. कंपनीचा विमा नोकरी हाय तवरच.

प्रणाली : अन् आईचा?

किसनराव : तिचा माह्यासंगच. वेगळा कुठून येईन?

प्रणाली : आईले नेमकं काय झालं? खरं सांगा.

किसनराव : काही नाई वं. गरमीनं चक्कर आली. सकाळी तुमी निघाले अन् ती दारातच बसली.

प्रणाली : बाबा.

किसनराव : बीपी कमी झालं असन...

प्रणाली : बाबा, तुमाले माह्या गळ्याची आन हाय.

किसनराव : तिच्या काळजाची झडप खराब हाय. ऑपरेशन करा लागते.

प्रणाली : कवा समजलं?

किसनराव : तुही सोयरीक जमली, त्याच्या आगेमागेच.

प्रणाली : लग्नाच्या आधी? अन् मले कोणी सांगतलं नाई?

किसनराव : हळू बोल. जावईबुवा तिकडं औषधाच्या रांगेत उभे हायेत.

प्रणाली : तवा तं विमा होता! ऑपरेशन काहून नाई केलं?

किसनराव : विम्याचा कागद हापिसातून जाते. हापिसात ते काम कोण पायते? रोहित. तुह्या नवऱ्याचा आतेभाऊ. स्थळ आणलं त्यानंच. त्याच्या टेबलावर कागद पडला असता तं संध्याकाळच्या आत अमरावतीले, तुह्या सासरी बातमी. पोरीची माय काळजाची रोगी, उद्या पोरीलेही निघन. कोण करते मंग सोयरीक? झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रणाली : लग्न होऊन गेलं नं पण! मंग तरी करायचं होतं.

किसनराव : म्हटलं होतं मी. तुही माय म्हणे, नवे सोयरे हायेत, जरा दिवस जाऊ द्या. तेवढ्यात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पयलाच धोंडा. जावयाले जेवाले बोलवलं नाई तं लोक काय म्हणतीन? अन् ती दवाखान्यात पडली तं पुरण कोण वाटन? जावईबुवाले सुट्टी रविवारची. म्हटलं, ठीक हाय. रविवारी दुपारी जेवण, उन्हं कलली की तुमी निघसान, अन् मी तिले लगेच भरती करीन. काल भरती झाली असती तं सारा खर्च कंपनीच्या विम्यात बसला असता. डॉक्टरशी बोलून ठेवलं होतं. बॅग भरून पलंगाखाली लोटली होती.

प्रणाली : अन् आमी थांबलो.

किसनराव : जाऊ दे आता.

प्रणाली : कसं जाऊ दे? मीच म्हटलं पियुषले, आज राहू, गच्चीवर झोपू. आंबे कापून मागितले मी आईले! तुमी उठत होते, बसत होते. मले वाटलं, तुमाले आमचं राहणं जड होऊन राहिलं. राग आला होता मले तुमचा.

किसनराव : तुही माय मले डोळ्यानंच दटावत होती. धोंड्याच्या दिवशी जावयाले निघा म्हणता येते का?

प्रणाली : आमी झोपल्यावर न्यायचं.

किसनराव : तेही म्हटलं. तं म्हणे, सकाळी जावई उठतीन अन् सासू घरात नाई, कसं दिसन?

प्रणाली : कसं दिसन! आता दिसून राहिलं नं कसं दिसते ते!

किसनराव : ओरडू नको. रिटायरमेंटचा पैसा येईन, तो इथं भरतो.

प्रणाली : अन् मंग? जलमभराच्या गोळ्या, तपासण्या? तुमी दोघं खासान काय? नवा विमा?

किसनराव : जुना आजार काही वर्षं धरतच नाईत म्हणे. सरकारी योजनेत नंबर लावतो म्हटलं, तं डॉक्टर म्हणते तवरक थांबू नका.

प्रणाली : रोहितदादा काहीच बोलला नाई तुमाले? रिटायर होतानी तोच विमा आपल्या पैशानं पुढं चालू ठेवता येते म्हणतेत.

किसनराव : बोलला नं. किती वेळा टेबलापाशी आला. काका, काकूचं काही असन तं मुदतीच्या आत सांगा, कागद मी करतो. म्हटलं, काकू ठणठणीत हाय बाप्पा, तूच सांभाळ तुही तब्येत. परवा निरोपाच्या कार्यक्रमात शाल पांघरवतानी पुन्हा कानात तेच. म्हटलं, पोट्टं लयच खोदून राहिलं. त्याच्याशी बोललोच नाई मंग.

प्रणाली : बाबा, तो खोदत नवता.

किसनराव : मंग काय करत होता?

प्रणाली : त्याले माहीत होतं. माह्या सासूनं पाठवलं होतं त्याले.

किसनराव : काय माहीत होतं?

प्रणाली : साखरपुड्याच्या दिवशी आई जिना चढतानी मधातच बसली, तवा सासूबाई मागं होत्या. त्याइच्या बहिणीले हेच होतं. तवाच वळखलं त्याइनं. बडनेऱ्याहून गाडी वळवली तवा पियुषनं सांगतलं मले. मी पाहत होती, तुमी तरी खरं सांगता का.

किसनराव : अन् तरी सोयरीक केली?

प्रणाली : केली. म्हणे, आजार कोणाच्या घरी नाई? फक्त आपण विचाराचं नाई, त्याइले लाज वाटन. म्हणून रोहितदादाले मागं लावलं, की विम्याचं तरी काम होऊन जाईन. ते आपली लाज राखत राहिले, तुमी त्याइच्यापासून लपवत राहिले. अन् आई आत पडली हाय.

किसनराव : माय वो...

प्रणाली : रडू नका. बाबा, लोक पाहून राहिले.

किसनराव : पाहू दे. अळी लागलेल्या कापसाच्या बोंडासारखं झालं पाय माह्यं. वरून हिरवं, आतून काही नाई.

प्रणाली : पाणी प्या. शुद्धीवर आली का आई?

किसनराव : आली होती मघा. मले विचारते, पियुषरावनं अनारसे नेले का, का डबा इथंच राहिला?

प्रणाली : गाडीतच हाय डबा.

किसनराव : प्रणाली, एक कर. तिले हे सांगू नको. त्याइले ठाऊक होतं म्हणून.

प्रणाली : अजूनही लपवाचंच?

किसनराव : येवढा दम लागत असतानी उभं राहून तिनं पुरण वाटलं, पोरी. तिले वाटू दे, कोणालेच कळलं नाई.