आपल्या शेतातली ढेकळं

यानेत : आजी, भट्टी परत ढासळली. आता सोड ना. खाली बघ, सूर्याच्या सणाचा इंका राजा पालखीतून उतरतोय. लोक कुठून कुठून तिकिटं काढून आलेत आणि तू पाठ करून बसलीयेस.

आजी : तो दर वर्षी उतरतो. ते ढेकूळ दे इकडे. मोठं नको, त्याच्या शेजारचं.

यानेत : याचाही भुगा होतोय.

आजी : जूनमधलं, कोरड्या दिवसांतलं ढेकूळ कसं दगडासारखं हवं. खणल्यावर उन्हात टाक म्हटलं होतं ना तुला?

यानेत : बसमध्ये सांडेल म्हणून मी माती प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली होती.

आजी : प्लास्टिकमध्ये.

यानेत : मातीला घाम येतो हे मला काय माहीत?

आजी : लिमात वाढलीस. तुला कोण सांगणार.

यानेत : मग इथलीच घेऊ या. टेकडीवर माती काय कमी आहे?

आजी : इथं खणू देत नाहीत. आणि इथलीच घ्यायची होती तर पाठीवर ओझं कशाला आणलं असतं मी? तुझा आजोबा याच जागी भट्टी रचायचा, आपल्याच ढेकळांची. खाली राजा सूर्याला चिचा, मक्याची दारू, पाजायचा आणि इथं आमची ढेकळं तापून लाल व्हायची. मग बटाटे आत टाकून भट्टी वरून फोडायची. पहिला बटाटा जमिनीला. दुसरा मला द्यायचा, फुंकर मारून.

यानेत : फुंकर मारून? आजोबा?

आजी : हसू नकोस. बटाटे काढ.

यानेत : बाजारातले आहेत.

आजी : असू देत. तुझ्या बापानं शेत विकायची सही केली, दुसऱ्या दिवशी बांधावर यंत्र उभं. आपले काढायला वेळ कुठं मिळाला?

यानेत : बाबा तरी काय करणार होते? तू एकटी. पडलीस तर कळायलासुद्धा कोणी नाही.

आजी : मी काही म्हटलं का? येतेय ना आजच्या गाडीनं लिमाला. एकदा भट्टी पेटवते आणि येते, एवढंच मागितलं होतं.

यानेत : चुकलं माझं, आजी.

आजी : धर इथं. दोन्ही हातांनी. हळू… गेली.

यानेत : पुन्हा रचू.

आजी : कशाची? पीठ झालंय सगळं. (हातावरची माती झटकत) तुमच्याकडं लिमात या दिवसांत सूर्य असतो का गं?

यानेत : असतो की. ढगामागं असतो. डिसेंबरात छान दिसतो.

आजी : डिसेंबरात.

रखवालदार : आजी, उठा आता. सण संपला, लोक निघाले. हा ढीग तुमचा का?

आजी : आमचाच, बाबा.

रखवालदार : इथं टाकून जाऊ नका, आम्हाला बोलणी बसतात. माती जिथून आणलीत तिथं नेऊन टाका.

यानेत : दादा, तिथं आता…

आजी : राहू दे, यानेत. त्याला कशाला सांगतेस. शाल पसर, भरू या.

यानेत : लिमापर्यंत न्यायची? बसमध्ये?

आजी : तुझं ते प्लास्टिक आण. आता ओली राहिली तरी चालेल.