हार टाकायचा राहिलाय

— आन् दार लावून घ्या आधी, दादा. काचेचं हाय, हळू. धूळ येती मशीनवर, मग छपाईत रेघा उमटतात आन् गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंब मारतंय. हां. बसा. हिकडं सरका, तिकडं पंखा लागत न्हाई. स्क्रीनवर काय बघताय? ते दुसरं काम हाय, ते सोडा. तर तुमचं — अंगारमानवचा तिसरा भाग. दहा वर्षं झाली म्हणून परत थेटरात लागतोय, व्हय ना? फोनवर सांगितलं की तुमी. मोठा फ्लेक्स पायजे, मधी अंगारमानव, फोटोला हार, दोन बाजूला दोन समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आन् खाली तुमच्या ग्रुपची तोंडं वळीनं, गॉगल लावून. तुमाला वाटतं ही आयडिया तुमालाच सुचली? हसू नका, खरंच विचारतो. हाच फ्लेक्स आमी पिक्चर पहिल्यांदा लागला तवा केलता. ह्याच दुकानात. फरक एवढाच, आमच्या फ्लेक्सवर हार न्हवता.

आता कसा वाटतो पिक्चर, म्हणता? तुमच्या चॅनेलवर टाकायला पायजे व्हय? तो फोन उलटा ठिवा आधी, मग सांगतो. पहिला भाग साधा होता — लोखंडाच्या भट्टीवरलं पोरगं, छातीत निखारा पेटतो, पाणी अंगावर पडलं की ताकद जाती. इंग्लिश पिक्चर, हिंदीत केलेला, पण आमाला वाटायचं हे पोरगं आपल्या एमआयडीसीतलंच हाय. भट्टीच्या उन्हाळ्यात सोलापूरकराला वेगळं काय दाखवणार, सांगा. दुसरा भाग तर विचारूच नका, तसा परत झालाच न्हाई. आन् तिसऱ्याला लोकांनी लई नावं ठेवली. लांबला म्हणाले, व्हिलन मारामारी कमी आन् भाषणं जास्त करतो म्हणाले — निवडणुकीला उभा राहिल्यासारखा. ते खरं हाय. मी परवा परत बघितला, मोबाइलवर, बायको झोपल्यावर — हां, ती काय म्हणंल म्हणून. मधला भाग पळवला. हेलिकॉप्टरची मारामारी आता खोटी दिसती, लहान पोरांच्या खेळण्यासारखी. पण शेवट तसाच हाय. शेवटाला काय झालेलं न्हाई. झालं ते आमाला झालं.

शेवट आठवतो ना? धरण फुटायला आलंय, दार आतून बंद करायचंय, म्हणजे पाण्यात उतरायचं, आन् पाणी म्हणजे ह्याचं मरण. तरी उतरतो. छातीतला लाल उजेड खाली खाली जातो आन् विझतो. मग त्याची आई दाखवतात, घरात एकटी, ताट वाढून बसलेली. आन् दार वाजतं. ती वळती, दाराखालच्या फटीतनं लाल उजेड येतो — संपला पिक्चर. दार उघडलेलं दाखवतच न्हाईत. काय शिट्ट्या पडल्या सांगू, खुर्च्या वाजवल्या पोरांनी. मी पण वाजवली. माझ्या शेजारी चन्नवीर, माझा धाकटा भाऊ, तो खुर्चीवर उभाच राहिला. त्याच्या पलीकडं आई. व्हय, आईला पण नेलती, चन्नवीरनंच, हट्टानं. आमच्या घरात कन्नड, आईला हिंदी येतंय जेवढ्यास तेवढं. भाषणं चालली की ती डुलक्या घ्यायची. पण शेवट जागी राहून बघितला तिनं. दार वाजल्याचं तिला बरोबर कळलं.

मग हितं आलो फ्लेक्स करायला. मी तुमच्यासारखाच, श्रद्धांजली, हार, समया, सगळं टाकून बसलो. चन्नवीर म्हणाला, अण्णा, हार काढ बे, तो मेलाय कुठं? मी म्हटलं, पाण्यात गेला की, विझला की. तो म्हणाला, दार वाजलं ना? मग? — पोरांनी समजावलं, अरे गंमत हाय. ऐकंना. शेवटी ह्या टेबलावर हात आपटून म्हणाला, त्याच्या आईनं बघितलं तर तिला काय वाटंल? सिनेमातल्या माणसाची आई. तिला काय वाटंल म्हणून भांडला. मग काढला हार. समया काढल्या. लिहिलं, ‘अंगारमानव परत येतोय’, आन् खाली आमी सगळे, कडंला चन्नवीर, गॉगल लावून, हात छातीवर ठिवून. महिनाभर चौकात होता. उतरवल्यावर घरी नेला — जुना फ्लेक्स कोण टाकत न्हाई, तुमाला म्हाईत हाय — आमच्या दारासमोरच्या पत्र्यावर अंथरला. पत्रा गळायचा.

काय करायचा म्हणजे? टेम्पो चालवायचा चन्नवीर. चादरी, टॉवेल, कवा माझे फ्लेक्स, जे मिळंल ते भाडं. मागल्या पावसाळ्यात सीना नदीला पाणी आलं ना, मोहोळकडं वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या — तवा माल टाकून माघारी येत होता. रस्ता बंद. लोक पाण्याकडं बघत उभे. समोर एका घराच्या छपरावर म्हातारी, केराबाई तिचं नाव, आन् तिच्या शेळ्या. ह्यानं टेम्पोतला दोर काढला, कमरेला बांधला, गेला. म्हातारीला आणली काठावर. मग ती रडायला लागली, शेळ्या राहिल्या म्हणून. अडाणी बाई, तिचं सगळं तेवढंच, ती रडणारच की. तर हा परत गेला. पाणी वाढलेलं. लोक नको म्हणत होते. म्हणजे सगळे सांगतात की आमी नको म्हणालो. जाताना वळून काय म्हणाला म्हाईत हाय? — काय न्हाई म्हणाला. मी सगळ्यांना विचारलं. सिनेमातला बोलून जातो. हा नुसता गेला.

दोर सापडला. टेम्पो तर रस्त्यावरच होता. बोटीवाले आले, पार खालपातुर शोधलं. मी पण होतो काठानं. न्हाई सापडला.

ती केराबाई येती अधनंमधनं घरी. येती आन् उंबऱ्यापाशी बसती, आत यायची तिची छाती होत न्हाई. तिला वाटतं आमची आई शिव्या देईल. आई तिला आत बोलावून कडक भाकरी आन् शेंगाचटणी वाढती, आन् जेवल्यावर एकच विचारती, तू त्याला बुडताना बघितलंस का? म्हातारी म्हणती, न्हाई बाई, शेळी धरली तितपर्यंत बघितलं. मग आई माझ्याकडं बघती. बघितलंस? कुणीच बघितलं न्हाई. बरतान. बरतान, म्हणजे येतोय, यील म्हणायचं. संध्याकाळी ताट वाढून ठिवती. दाराला कडी न्हाई आमच्या, वर्ष होत आलं, रात्रीसुद्धा. आमी म्हटलं, चोरबीर येतील. ती म्हणती, त्या सिनेमात आला की. पाण्यात गेलता, आला की. तूच नेलतास ना मला बघायला — न्हाई म्हटलं, मी न्हवं, चन्नवीरनं नेलतं. तर म्हणती, मग? त्यानंच दाखवलं ना? तो पत्र्यावरचा फ्लेक्स तिनं मला काढायला लावला, साबणानं धुतला आन् दाराच्या बाजूला भिंतीवर लावला. तिला मराठी वाचता येत न्हाई. पण त्यावर काय लिहिलंय ते तिला पाठ हाय.

म्हणून म्हणतो, शेवट लई भारी, पण खोटा हाय. भारी हाय म्हणूनच जास्त खोटा. दार वाजवायचं तर उघडून दाखवायचं होतं. न्हाई तर वाजवायचंच न्हवतं. त्यांनी वाजवलं आन् दिवे लावून घरी गेले. आमच्यात मातीत बसवतात माणसाला, पूजा करून. बसवायला माणूस तर पायजे. वडील वर्षभर आईच्या आड आले न्हाईत. आता म्हणतात, पुरे झालं ईरप्पा — स्वतःलाच म्हणतात, त्यांचं नाव ईरप्पा — पुरे झालं, पोराला मोकळं करू. स्वामींना विचारलं, ते म्हणाले फोटो ठिवून पूजा करा. उद्या हाय. आन् त्याच्या आत फ्लेक्स लागला पायजे. चौकात न्हाई. दारात. तो जुना काढून त्या जागी.

व्हय. स्क्रीनवरचं काम तेच हाय. बघितलंच हाय तर बघा आता. ‘लिंगैक्य चन्नवीर’ — तुमच्यात कैलासवासी लिहितात तसं आमच्यात लिंगैक्य — एवढं टाईप केलंय. फोटो? दुसरा न्हाईच हो. लग्नाबिग्नात सगळ्यांचे फोटो काढणारा हाच, त्याचा कुणी काढायचा? मोठेपणीचा बरा असा एकच, जुन्या फ्लेक्सच्या फाइलमधला. गॉगलवाला. वडील म्हणाले गॉगल काढ, बरं दिसत न्हाई देवाच्या कामाला. कसा काढू? काच पुसली तर मागं डोळे न्हाईत. डोळे त्या फोटोत आलेच न्हाईत. सकाळपासनं मी भावाचे डोळे शोधतोय आन् तुमी म्हणताय शेवट कसा वाटला.

जरा हिकडं येता का? हितं बसा, माझ्या खुर्चीत. बसा हो. बाजूला हार दिसतोय ना, झेंडूचा? रोज दहा फोटोंवर टाकतो मी, डोळे मिटून टाकतो. उचलायचा, आणायचा, फोटोवर सोडायचा. बाकी काय न्हाई. तुमचा तो कोण न्हाई, तुमाला जमंल. धरा माऊस. हां, उचला. आणा. आणखी जरा वर. खांद्यापाशी —

थांबा. सोडू नका. सोडू नका म्हणतो न्हवं. ठिवा तो माऊस. उठा.

तुमचा फ्लेक्स दुसरीकडं करून घ्या, दादा. पुढं चार दुकानं हायत, समया-बिमया सगळं करून देतील. न्हाई हो, तुमच्यावर कशाला रागवू. जावा तुमी. गॉगल घेऊन जावा तुमचा, टेबलावर राहिलाय. आन् दार — न्हाई, लावू नका. येऊ दे धूळ. राहू दे उघडं.