जिराफ झोपणार कुठे?

...नाही, पण मला एक सांगा, जिराफ झोपणार कुठे? हसू नका! तुमचं काय जातंय हसायला, जहाज माझं आहे! खालच्या मजल्याची उंची साडेपाच फूट, वर तुळई, तुळईला झोळ्या टांगलेल्या, एका झोळीत एक खलाशी, बारा झोळ्या, बारा खलाशी, झालं, हिशेब संपला. आणि समोर बसलेली पोरगी मला शांतपणे सांगते, "आजोबा, माझी उंची साडेनऊ फूट. त्यातली पाच फूट मान." अगं, मग ती मान रात्री काढून खुंटीला लावतेस का?

तुम्हाला सांगतो, मी माणसांचं जहाज बांधलं होतं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा चळला. मी होड्या बांधणारा सुतार. चाळीस वर्षं फळ्या कापल्या, शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण नुसतं बोट फिरवून सांगेन फळी कुठे चिरणार. आता गुडघे गेले, घरी बसलो. घरी मी आणि आमची ही. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याची मुलगी कॉलेजात, म्हणजे आमची नात. येऊन जाऊन वर्षातून दोनदा दिसायची, तेही मोबाइलमध्ये मान घालून. तर ही पोरगी आणि तिचे दोन दोस्त मिळून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं तोंडाने बोलायचं आणि अडलं की फासे टाकायचे. तू चाचा, मी चाचा, चला समुद्रावर लुटालूट करू. सगळं सांगणारा एक असतो, त्याला म्हणतात सूत्रधार. वादळ कधी आलं, शत्रू कुठून आला, बेटावर काय सापडलं, सगळं तो सांगणार. त्यांचा सूत्रधार नोकरीसाठी परगावी गेला. मग नात माझ्याकडे आली, म्हणाली, "आजोबा, जहाजातलं तुमच्याएवढं कुणाला कळतं? तुम्ही व्हा ना. दर रविवारी येईन मी."

दर रविवारी! अहो, एवढ्यासाठी मी सर्कशीत विदूषक झालो असतो. सूत्रधार तर सूत्रधार! आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात तुमचं कुणी ऐकत नाही, आता समुद्रात बघा." तिच्याकडे मी लक्ष देत नाही. म्हणजे, तसं दाखवतो.

आणि मी काय केलं? दीड महिना खपून जहाज केलं. खरं. लाकडाचं. अडीच फूट लांब, एका फुटाला अर्धा इंच, डोलकाठ्या दोन, सुकाणू फिरतं, नांगर खाली जातो, वर येतो, आणि डेकची फळी अशी उचलली की खालच्या मजल्यावर बारा झोळ्या! झोळ्या हिच्याच जुन्या साडीच्या, त्यावरून चार दिवस अबोला, पण काय झोळ्या झाल्या! मागच्या खोलीत टेबलावर मांडलं आणि पहिल्या रविवारी तिघांना म्हटलं, हं, आता सांगा, कोण कोण आहात?

इथे चुकलो. तुम्ही ओळखलंच असेल. चाळीस वर्षं हाताखालच्या माणसांना ओरडून ओरडून शिकवलं, आधी गिऱ्हाइकाचं माप घ्या, मग करवतीला हात लावा. आणि मी दीड महिन्यात एकाला विचारलं नाही, की बाबा रे, तू कोण होणार? मला वाटलं, चाचा म्हणजे काय, डोळ्याला पट्टी, कमरेला तलवार, माणूस! माणूसच असणार ना? दुसरं काय असणार?

तर पहिली बोलली दातांची डॉक्टरीण. नातीहून मोठी आहे, दवाखाना आहे तिचा, माझी कवळी तिनेच बसवलीय, त्यामुळे तिच्यासमोर मला फार ताठ राहता येत नाही. ती आपल्या त्या गोड आवाजात, "काका, अजिबात दुखणार नाही हं" म्हणते ना, त्याच आवाजात म्हणाली, "काका, मी ऑक्टोपसबाई. आठ हात. आठही हातांत तलवारी. आणि मला अधूनमधून पाण्यात बुडून बसावं लागतं हं, नाहीतर मी सुकते." मी म्हटलं, बाई, समुद्र आहे की खाली, बस जाऊन! तर म्हणे, "नको काका, खारं पाणी त्वचेला चांगलं नाही." ऑक्टोपसाला! खारं पाणी! चालत नाही! मग पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं माझं जहाजावर, सगळ्यांना मिळून एकच, त्यात ही जाऊन बसली. आता बाकीच्यांनी प्यायचं काय?

दुसरा कुरिअरवाला. आठवडाभर हा माणूस गाडीवरून असा सुटतो की बेल वाजवून आपण दार उघडेपर्यंत पुढच्या गल्लीत. मला वाटलं, हा चित्ता होईल, गेला बाजार ससा तरी होईल. तर हा खुर्चीत सैल पसरला आणि म्हणाला, "आजोबा, मी कासव. मला घाई सांगायची नाही." वजन किती? "चारशे किलो." अरे, चारशे किलो एका बाजूला बसलं तर जहाज कलंडेल! "मग मी मधोमध बसतो." मधोमध डोलकाठी आहे! "मग डोलकाठी जरा सरकवा ना." सरकवा? ती काय स्टूल आहे? आणि शत्रूचं जहाज आलं, तोफा धडाडल्या, मी ओरडलो, पळा रे! तर हा म्हणतो, "निघालो." पुढच्या रविवारपर्यंत निघालेलाच होता!

तुम्हाला सांगतो, मी माणसांचं जहाज बांधलं होतं!

आणि तिसरी आमची जिराफ. आता मी सुतार माणूस, अडलं की तोडगा काढायची सवय. त्या दोघांचं जमवलं. आणखी एक पिंप केलं, कासवाला मधोमध ठेवून डोलकाठीचा आधार म्हणून टेकवलं, म्हणजे उलट काठी मजबूत झाली. पण जिराफ? पट्टी घेतली, मोजलं, पुन्हा मोजलं. आडवी झोपली तर पाय बाहेर, उभी राहिली तर मान तुळईत. मग मी तिला म्हटलं, सहज म्हटलं हो, जसं कुणीही म्हणेल तसं म्हटलं, "अगं, मग वाकून बस की जरा."

बस्स.

पोरीने हातातले फासे खाली ठेवले. मग म्हणाली, "माझी जिराफ वाकत नाही." मी म्हटलं, जहाजावर सगळ्यांनाच वाकावं लागतं. ती म्हणाली, "ती वाकणार नाही, आजोबा." मी म्हटलं, मग डेकवर झोप, पावसात! आवाज चढला माझा, कबूल आहे, माझा आवाज मुळातच चढलेला असतो, चाळीस वर्षं ठोकाठोकीत बोलण्यात गेली. तिने फासे गोळा केले, पिशवीत टाकले, उठली, आणि जाताना त्या खोलीच्या दारात खाली वाकली आणि गेली. तिच्या मागून डॉक्टरीण गेली. कासवसुद्धा त्या दिवशी भराभर गेला.

पुढच्या रविवारी तीन वाजले, साडेतीन वाजले, बेल नाही. मी जहाज पुसत बसलो. सुकाणू पुसलं, नांगर खाली सोडला, वर घेतला, परत खाली सोडला. आमची ही दारात उभी. म्हणाली, "कळलं का काय केलंत?"

मी म्हटलं, काय केलं? नियम सांगितला!

"अहो, पोरीची उंची किती?"

सहा फूट एक इंच. त्यात काय?

"वर्गात शेवटचा बाक. फोटोत मागे आणि गुडघे वाकवून. लग्नकार्यात बायका म्हणतात, अगंबाई, हिला नवरा कुठून आणायचा. बसमध्ये वाक, गाडीत वाक. एक तो खेळ होता, त्यात तिने पाच फूट मान घेतली, कुणाच्या बापाला न विचारता. आणि तिथेही तुम्ही तेच सांगितलंत."

मी नांगर तेवढा वर घेतला.

"आणि हे दार कुणी केलं?" ही म्हणाली.

दार मी केलं. मागच्या खोलीचं. माझी उंची पाच फूट तीन, हिची त्याहून कमी, तेव्हा फळ्याही आखूडच उरल्या होत्या, पाच फूट सात इंचांत बसवून टाकलं. ती नात आठवीत होती तेव्हापासून त्या दाराशी मी रोज, म्हणजे आली की रोज, ओरडायचो, "वाक गं, डोकं आपटेल!" मला वाटायचं मी काळजी घेतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत काढली. बारीक दातांची. आणि डेकच्या फळीला, अहो एकसंध फळी होती, एक गाठ नाही, एक चीर नाही, अशी फळी आता मिळत नाही, तिला मधून गोल भोक पाडलं. दोन इंचांचं. कापताना माझाच जीव कासावीस. ही बघत होती, म्हणाली, "दुखतंय का?" मी म्हटलं, तू चहा कर.

भोकातून जी गोल चकती निघाली, ती कागदात गुंडाळली. तेवढ्यात बेल. कुरिअरवाला, शेजाऱ्यांचं पार्सल आमच्याकडे ठेवायला आलेला, मला बघून कासवासारखा मान आत ओढून उभा राहिला. मी म्हटलं, हे पोचव. म्हणाला, "आजोबा, पत्ता लिहा की." मला लिहायचा कंटाळा, येतं तेवढं लिहिलं, "जिराफ. वाकू नको." त्याने वाचलं, आणि मी दार लावायच्या आत गेलासुद्धा! हा म्हणे कासव!

आणि तुम्हाला माहीत आहे, एकदा करवत हातात आली की सुतार थांबत नाही. आठवडाभर मागच्या खोलीच्या दाराशी होतो. चौकटीची वरची पट्टी काढली, वरचा झरोका घालवला, चौकट वर नेली. साडेसहा फूट. गुडघे बोंबलत होते, मी शिडीवर, ही शिडीचे पाय धरून उभी, आणि खालून सारखी, "पडाल, पडाल." पडलो नाही.

रविवार आला. तीनला बेल. डॉक्टरीण आली, कासव आला, आणि सगळ्यात मागून ती. हातात ती चकती. मागच्या खोलीच्या दाराशी आली, सवयीने खांदे पाडले, मान खाली घातली... आणि थांबली. वर बघितलं. नवं लाकूड, अजून रंग द्यायचा होता. मग हळूच सरळ झाली आणि तशीच, ताठ, आत आली. टेबलाशी गेली, भोकातून आत डोकावली, आणि म्हणाली, "म्हणजे पाय खालच्या मजल्यावर आणि डोकं डेकच्या वर?"

मी म्हटलं, हो. डोलकाठीवर चढून टेहळणी करायला आता माणूस नको. तू झोपलीस तरी एक डोळा उघडा ठेव. आणि तोफगोळा आला तर तेवढी मान...

"आजोबा!"

बरं बरं, नको वाकवू.

तर जमलं म्हणता म्हणता काय व्हावं? आमची ही पदर खोचून आली, खुर्ची ओढली, बसली. म्हणाली, "मलाही घ्या." तुला? तू कोण होणार? मी मनात म्हटलं, मांजर होईल, कोंबडी होईल, फार तर बदक, जागा आहे, एक झोळी रिकामी आहे, ती साडीही तिचीच. तर ही सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणते, "मी वाळवी."

वाळवी! लाकडाच्या जहाजावर! चाळीस वर्षं मी जिच्याशी झगडलो, डांबर फासलं, तेल पाजलं, फळी फळी ठोकून कान लावून ऐकली, ती वाळवी माझ्याच टेबलाशी बसून फासे मागतेय, आणि ते तिघं टाळ्या वाजवतायत! मी म्हटलं, अगं, आता तुला कुठे बसवू? तर नात हसून हसून लोळायची बाकी. म्हणाली, "आजोबा, आजीचं माप घ्या ना."

तुम्हाला सांगतो, मी माणसांचं जहाज बांधलं होतं. पण पट्टी मी तिथेच खाली ठेवली. वाळवीला जागा करून द्यावी लागत नाही हो. ती आपली आपण करून घेते. पन्नास वर्षं बघतोय.