मागनं हाक

आमी मूळचं आटपाडीकडचं, तिकडं पानी न्हाई म्हनून बा आष्ट्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला येऊन ऱ्हायला, आन् मी आन् माझा धाकटा भाऊ सलीम, दोघंबी बेकरीचा पाव घिऊन सायकलीवर गावोगाव फिरायला लागलो. काय सांगू तुमाला, कारखान्याचा सीझन लागला की ह्या रस्त्याचं काय खरं न्हाई. उसाचा ट्रक मागनं येतो तवा हार्नच्या आदी पाल्याची सरसर ऐकू येती, भाईर आल्याली टोकं अंगाला घासून जात्यात.

तवा घाबरायचं न्हाई. हात सैल ठेवायचा, कड धरायची, आन् मागं बघायचं न्हाई, मान वळली की हँडल वळतंय. ट्रकवाल्यानं काय करायचं ते त्याच्या हातात, सरळ जानं आपल्या. लोक म्हनायचे, आवं चाचा, हाक मारली तर बघत न्हाईसा, लय मोठं झालाय व्हय? झालोय म्हनायचो.

सलीम तसा न्हवता. कुनी हाक दिली की वळून हात करनार. मी रागवायचो, तर म्हनायचा, भाई, हाकंला ओ न्हाई दिली तर आपला पाव कोन घील?

एकदा सकाळी आमी निघालो, मी पुढं, त्यो मागं. त्याचा डबा घरातच ऱ्हायला. त्याची बायको नसीमा डबा घिऊन दारात आली आन् तिनं हाक मारली. त्यो वळला. मला सरसर ऐकू आली, मग आवाज झाला, तरी मी वळलो न्हाई. सायकल कडंला घिऊन उतरलो, मग बघितलं. रस्ताभर पाव पडलं हुतं.

जानाऱ्याला मागनं हाक मारू ने म्हनत्यात, तेवढ्यावरनं लोकांनी तिला लय बोल लावला. तिचा काय दोष? पन तवापासनं ती कुनालाच हाक मारत न्हाई.

आता सलीमची पोरगी रेश्मा सायकलीनं आष्ट्याला शाळंला जाती. नसीमा नको नको म्हनत हुती, मी म्हनलं, ट्रक काय थांबनार हायती व्हय? शिकू दे. सायकल मीच शिकवली, मागनं डबडं वाजवायचो, नाव घिऊन वरडायचो. आदी वळायची. आता न्हाई वळत.

आज सकाळी पोरगी डबा इसरली. नसीमा डबा घिऊन दारात आली, पोरगी हाकंच्या टप्प्यात हुती, आन् मागनं उसाचा ट्रक. नसीमानं पदर तोंडात धरला. मीबी गप. ट्रकाआड पोरगी दिसंनाशी झाली, मग पल्याड लांब दिसली, सरळ चालल्याली.

डबा अजून उंबऱ्यावरच हाय बघा. उपाशी का हुईना, सांजचं घरला येऊ दे. अल्ला राखंल.