'कुठं?' विचारलं आणि नोकरी गेली

फुटकं नशीब बघायचं असेल, तर आमच्या रामवाडीच्या सुधाकरला भेटा. त्याचं तेवढं फुटकं आहे, हे तो स्वतःच सगळ्यांना अभिमानाने सांगतो.

त्या दिवशी त्याचा रोह्याला एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. सुधाकर उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो, तोच शेजारच्या बाळूने टेम्पोतून विचारलं, "कुठं चाललास रे?"

झालं! निघताना कुणी 'कुठं' विचारलं, म्हणजे काम बोंबललंच. हे महाराज उत्तर न देता माघारी फिरले. पाटावर बसले, पाणी प्यायले, देवाला पुन्हा नमस्कार केला.

बायको म्हणाली, "अहो, गाडी चुकंल!"

"गाडी दुसरी हाय गो, नशीब दुसरं नाय!"

दुसऱ्या गाडीने साहेब पोचले, तेव्हा इंटरव्ह्यू आटपून कंपनीवाले जेवायला बसले होते. संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच बाळूला धरलं. "तू विचारलंस म्हणून माझी नोकरी गेली!"

बाळू म्हणाला, "अरे, मी त्याच कंपनीत माल टाकायला निघालेलो. म्हटलं, रोह्याला जात असशील तर गेटवर सोडीन."

सुधाकर माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ! गाडी दारात येऊन तशीच गेली. सांगत नव्हतो, माझं नशीबच फुटकं?"